वेलांटीचे पैसे

दुकानाच्या पाटीवर मराठी नाव इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान असता कामा नये, असं २०२२ साली दुकाने-आस्थापना कायद्यात झालेली दुरुस्ती सांगते. पुढे सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि तिकडच्या पाट्या बदलू लागल्या. आमच्या लातुरात मराठी पाटीचं कुणाला अप्रूप नाही. १९१७ साली बांधलेल्या गंजगोलाईतून जे १६ रस्ते फुटतात, त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं निघा, मराठीच दिसेल. पण अक्षर लहान की मोठं, हे मोजायचं कुठून कुठवर? पाट्यांचं डिझाइन करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न रोजचा आहे.

‘श्रीकृष्ण मेडिकल’ हेच नाव घ्या. कॉम्प्युटरवर ते मराठीत टाइप करा, खाली इंग्रजी कॅपिटलमध्ये टाइप करा, दोन्हींचा आकडा १०० पॉइंट ठेवा. बहुतेक फॉन्टमध्ये मराठी बारीक दिसेल. पॉइंटचा आकडा अक्षराचा नसतोच, अक्षराला दिलेल्या खोलीचा असतो. इंग्रजी कॅपिटलला डोक्यावर काही घ्यायचं नसतं, पायाखाली काही लोंबत नसतं. आपल्या ‘श्री’ची वेलांटी शिरोरेखेच्या वर वळसा घेते, ‘कृ’चा ऋकार खाली उतरतो, ‘मे’ला मात्रा, ‘डि’ला पुन्हा वेलांटी. या सगळ्यांना सामावून घेताना मधलं मूळ अक्षर आकसतं. म्हणून मी शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजतो आणि ती इंग्रजीच्या कॅपिटलशी जुळवतो. वेलांटी त्याच्या वर, उकार त्याच्या खाली. कायद्याला हीच मोजणी अभिप्रेत असावी, असं आपलं माझं मत.

आता गंमत अशी की फ्लेक्सचा भाव स्क्वेअर फुटावर असतो. मराठी ओळीसाठी वर-खाली जागा सोडली की पाटीची उंची वाढते, उंची वाढली की बिल वाढतं. एका मेडिकलवाल्यानं प्रूफ बघून मला सरळ विचारलं, “ही वरची जागा रिकामीच सोडलालाव, आन् हिचे बी पैसे घ्यालालाव का?” हो, घ्यालालाव. ती वेलांटीची जागा आहे.

पैशाची ही ओढाताण जुनीच आहे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची जागाही मोजूनमापूनच मिळते, आणि त्या चिंचोळ्या चौकटीत कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी बसवली की प्रेक्षक नाटकाआधी अक्षरं ओळखायला लागले. त्यांच्या अक्षरांत काना, मात्रा, वेलांटी ही मागाहून चिकटवलेली नसत, रचनाच त्यांच्यावर उभी असे. २०२०मध्ये ते गेले. त्याच्याही मागे, छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायच्या काळात, वरच्या मात्रा, मधलं अक्षर आणि खालचे उकार असे थर बांधून ओळ उभी करायची एक पद्धत होती. म्हणजे मात्रेची जागा तेव्हा शिशानं भरलेली, हाताला लागणारी वस्तू होती. आमच्याकडचे पेंटरही खडूची दोरी मारून आधी रेघा पाडायचे, त्यात वेलांटीसाठी वर एक रेघ वेगळी असायची.

फ्लेक्सच्या दुकानात ही रेघ गेली. नाव मावत नाही? माऊसनं पकडा आणि दाबा. बाजूनं दाबलं की काने काडीसारखे होतात आणि शिरोरेखा तेवढीच जाड राहते. वरून दाबलं की उलट: शिरोरेखा बारीक, काने धष्टपुष्ट. मग गिऱ्हाईक म्हणतं, “जरा उठून दिसत नाही, बोल्ड करा.” बोल्ड केलं की अक्षरांच्या पोटातली हवा जाते. ‘ध’च्या डोक्यावरची फट बुजते आणि रस्त्यापलीकडून ‘धनलक्ष्मी ट्रेडर्स’चं ‘घनलक्ष्मी’ होतं. ‘भ’ आणि ‘म’चीही तीच गत.

याचा कळस जूनमध्ये, नीटच्या निकालानंतर, उद्योग भवन परिसरात बघावा. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’चं ते खरं प्रदर्शन. क्लासच्या होर्डिंगवर सरांचा फोटो पुरुषभर, ७२०पैकी मिळालेले गुण ढळढळीत, पोरांचे चेहरे पासपोर्टएवढे. आणि ज्यानं दोन वर्षं रात्रीचा दिवस केला त्याचं नाव बाजूनं दाबून चेहऱ्याच्या रुंदीत कोंबलेलं. आडनाव लांब असलं की पोराचं नशीबच फुटकं. मी अशी होर्डिंग करतो तेव्हा नावं दोन ओळींत तोडतो. सर कुरकुरतात, आयांना आवडतं.

फॉन्टची चैन आता परवडते. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ फुकट मिळतात, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असलेले फॉन्टही शोधले की सापडतात. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ शासनानंच प्रमाण ठरवलेत. तरी बऱ्याच दुकानांत अजून युनिकोडआधीचे फॉन्ट चालतात. त्यांत मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या कोडवर बसवलेलं असतं. त्यामुळे लातूरची फाइल नांदेडला उघडली आणि तिथं तो फॉन्ट नसला, की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन बसतो.

नांदेडचं काम आलं की मला वेगळा हुरूप येतो. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगजींचं जिथं निर्वाण झालं, त्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या भागात पंजाबचे यात्रेकरू सतत. म्हणून गुरुमुखी हवी. निजामी अमलात १९४८पर्यंत सरकारी भाषा उर्दू होती, आणि ती गल्ल्यांत आजही वाचली जाते. देगलूर-धर्माबादकडचं गिऱ्हाईक असेल तर तेलुगू. एका पाटीवर या सगळ्या लावा आणि बघा: गुरुमुखीला देवनागरीसारखीच डोक्यावर रेघ, वर-खाली स्वरचिन्हं. उर्दूचा नस्तालिक शब्द उजवीकडे उंचावर सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. तेलुगूत जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी जाऊन बसतं; उदगीरकडे लागणाऱ्या कन्नडचंही तेच. आमच्या मुलखातल्या एकजात सगळ्या लिप्या वर-खाली हातपाय पसरणाऱ्या! त्यामुळे अशा पाटीत दोन ओळींमधलं अंतर मी सॉफ्टवेअरवर सोडत नाही, हातानं लावतो. उर्दूची ओळ सगळ्यात उंच पट्ट्यात. तेलुगूच्या खाली फोन नंबर कधीच नाही, नाहीतर जोडाक्षर आकड्यांत घुसतं.

त्या मेडिकलवाल्याला मी हे सगळं समजावून सांगितलं. पटलं त्याला. पैसेही दिले. आणि पाटी छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी फोन: वर एवढी जागा आहेच, तर तिथं ‘॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥’ टाका. ग्रामदैवताला नाही कोण म्हणणार? पण त्यातही दोन वेलांट्या आणि एक मात्रा आहे. पाटीची उंची आणखी तीन इंच वाढवून मी नवं बिल पाठवलं.