नळीच्या व्यासातला इतिहास
(जुन्या वस्तूंचा संग्रह : लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण ठासणीच्या बंदुकांची, म्हणजे खानापूर-चंदगडच्या रानात डुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी परवान्यावर बाळगीत आलेल्या त्या लांब नळीच्या, कष्टाळू हत्यारांची ओळख करून घेतली. ती हत्यारे ज्याच्या घरात असत त्याच्याच मालकीची असत. आज ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे त्या लष्करी रायफली आणि पिस्तुले मात्र हाताळली शिपायाने, वाहिली शिपायाने, प्रसंगी त्यांच्यापायी प्राणही दिले शिपायाने, परंतु त्यांची मालकी अखेरपर्यंत सरकारचीच राहिली. अमेरिकेत अशा निवृत्त हत्यारांचा संग्रह हा पोस्टाच्या तिकिटांच्या संग्रहाइतका रूढ छंद आहे. आपल्याकडे तो जवळजवळ नाही, आणि का नाही, ह्याचे कारण आपल्या लोकांच्या अरसिकतेत न शोधता बंदुकीच्या नळीच्या व्यासात शोधावे, असे माझे मत आहे. कारण ह्या देशात नळीचा व्यास ठरविताना राज्यकर्त्याने निशाणाच्या अचूकतेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आपल्या विश्वासाचा हिशेब केलेला दिसतो.

हा हिशेब आमच्या मुलखाने फार लवकर आणि फार महाग दरात चुकता केला. १८५७ च्या उठावाबरोबर हत्यारबंदीचा कायदा आला आणि दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांनाही त्याची अंमलबजावणी भाग पडली. मुधोळ संस्थानातील हलगली येथील बेरडांनी, ज्यांचे हत्यार हीच उपजीविका आणि हत्यार हीच अब्रू होती, ते खाली ठेवण्यास साफ नकार दिला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीस इंग्रजांच्या फौजेने गावावर चाल केली, गाव जाळले, आणि पुढे पकडलेल्यांपैकी कित्येकांना फासावर चढविले. ह्या प्रसंगावरची कानडी लावणी लिहून घेऊन छापली ती इंग्रज अधिकारी फ्लीटसाहेबांनी, ज्यांना आपले इतिहासाभ्यासक शिलालेखांच्या वाचनासाठी ओळखतात. अधिकारी आणि संशोधक ह्या दोन भूमिका एकाच माणसात किती शांतपणे नांदत असत, ह्याचे हे एक नमुनेदार उदाहरण म्हणावे लागेल.

बंडानंतर सरकारने आपल्याच देशी पलटणींच्या बंदुकांकडे दृष्टी वळविली. ज्या एन्फील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून वणवा पेटला, त्या १८५३ च्या नमुन्याच्या रायफलीची नळी .५७७ इंच व्यासाची असून तिच्या आत मळसूत्री खाचा होत्या. ह्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाई आणि दूरवर नेम साधे. देशी शिपायांसाठी नंतर जी बंदूक काढण्यात आली ती बाहेरून हुबेहूब तीच, परंतु आतून .६५६ इंच व्यासाची आणि गुळगुळीत होती. नेम घेण्यासाठी वरखाली सरकणारी पट्टी होती तिथे एक साधा स्थिर ठोकळा बसविला होता, कारण जी गोळी दूर जाऊन नेमकी लागणारच नाही तिच्यासाठी अंतराच्या खुणा कोरण्याचे प्रयोजनच उरत नव्हते. अशी बंदूक समोर आली की जाणता संग्राहक तिची लाकडी दांडी न पाहता प्रथम नळीत प्रकाश सोडून पाहतो. आत खाचा आहेत की नाहीत, एवढ्या एका गोष्टीवरून ती गोऱ्या पलटणीच्या हातात होती की काळ्या, हे बहुधा सांगता येते.

पुढे अनेक दशके हाच शिरस्ता चालू राहिला. गोऱ्या सोजिराच्या हाती मार्टिनी-हेन्री आली तेव्हा देशी शिपायाला त्याने टाकलेली स्नायडर मिळाली; सोजिराने मॅगझिनची ली-मेटफर्ड उचलली, तेव्हा कोठे मार्टिनी शिपायाच्या खांद्यावर चढली. एक पिढी मागे ठेवण्याचे हे धोरण महायुद्धाने मोडले. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौज मार्सेल्सच्या बंदरात उतरली तेव्हा तिच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या नमुन्याच्या दिल्या गेल्या, आणि ज्या हत्याराची शिपायाला पुरती ओळखही पटली नव्हती ते घेऊन तो फ्रान्समधील चिखलाच्या खंदकांत उतरला. आपल्या मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ ह्या तिन्ही मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करण्यापूर्वी तेथील तोफा आणि हत्यारे निकामी करण्यात आली. त्या पलटणींच्या हातातील रायफली संग्रहात सापडत नाहीत ह्याचे आश्चर्य वाटू नये.

आता प्रत्यक्ष रायफल हाती धरून पाहू. हुगळीच्या काठी ईशापूर येथे, जिथे पूर्वी दारूचा कारखाना होता, तिथे १९०४ मध्ये रायफलींचा कारखाना उभा राहिला आणि पुढे .३०३ व्यासाची, दहा गोळ्यांची शॉर्ट ली-एन्फील्ड तेथे लाखोंनी तयार झाली. हिच्या दस्त्याची आणि नळीची जिथे सांधजोड होते तिथे उजव्या अंगाला पोलादी पट्टा आहे. तो पट्टा म्हणजे ह्या हत्याराचे दप्तर होय. सर्वांत वर मुकुट, त्याखाली जी. आर. आय. ही अक्षरे, म्हणजे राजा जॉर्ज हा बादशहाही आहे ह्याची द्वाही. त्याखाली ईशापूरचे नाव, साल, आणि नमुन्याचा क्रमांक. इंग्लंडात झालेल्या रायफलीवर शेवटचे आय नसते. प्रजासत्ताक झाल्यानंतरच्या रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभावरील सिंह आले. नळीवरचा, बोल्टवरचा आणि माशीजवळच्या टोपणावरचा क्रमांक एकच असेल तर ती रायफल अखंड आयुष्य जगली. तीन ठिकाणी तीन क्रमांक असतील तर कोठल्या तरी दुरुस्तीखात्यात तीन मेलेल्या रायफलींची मिळून एक जिवंत रायफल झाली असे समजावे. दस्त्याच्या पुढील भागात आडवा घातलेला स्क्रू दिसला तर ती हमखास हिंदुस्थानी, कारण आपल्या हवेत लाकूड फुगून आणि आकसून तडकू नये म्हणून ही सोय ईशापुरात केली जाई. डी. पी. अशी अक्षरे असतील तर ती केवळ कवायतीसाठी ठेवलेली निकामी रायफल; आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात एन. सी. सी.च्या परेडला अशीच एखादी खांद्यावर वाहिली असेल.

खोट्या नाण्यांप्रमाणे खोट्या रायफलीही असतात, हेही सांगून ठेवले पाहिजे. सरहद्दीवरच्या खैबर घाटातील कारागिरांनी मार्टिनी-हेन्रीच्या ज्या नकला हाताने घडविल्या त्या कारागिरी म्हणून अचंबा वाटावा अशा आहेत, परंतु अक्षरओळख नसल्यामुळे त्यांच्यावर इंग्रजी एन् उलटा कोरलेला सापडतो, आणि कधी कधी तर १९०१ मध्ये निधन पावलेल्या व्हिक्टोरिया राणीची मोहोर तिच्या मृत्यूनंतरच्या सालासह दिसते.

बेळगावच्या आमच्या वडगावात हातमागांची आणि पुढे यंत्रमागांची खटखट ऐकतच पिढ्या वाढल्या, आणि त्याच गल्ल्यांतून लष्करात गेलेल्यांचीही वाण नाही, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथून हाकेच्या अंतरावर. अशाच एका घरी पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांची पदके, डिस्चार्जचा कागद आणि बोटाएवढी पितळी बाटली जपून ठेवलेली मी पाहिली. घरच्यांची समजूत ती अत्तराची कुपी असल्याची होती. झाकण फिरविताच त्याला जोडलेली पळीसारखी बारीक काडी बाहेर आली, आणि तिला वास होता तो बुरसटलेल्या तेलाचा. रायफलीच्या दस्त्याच्या मागच्या टोकास पितळी झडप असते; ती उघडली की आतल्या पोकळीत ही बाटली आणि वर गुंडाळून ठेवलेली फुलथ्रू, म्हणजे एका टोकास पितळी वजन आणि दुसऱ्या टोकास चिंदी अडकविण्याचे फासे असलेली दोरी, एवढा शिपायाचा संसार मावत असे. अशा बाटलीला, खांद्याच्या पट्ट्याला, काडतुसे धरणाऱ्या चिमट्याला परवाना लागत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडच्या होतकरू संग्राहकाने आरंभ इथूनच करावा. त्या घरच्या मुलाला मी एवढेच सांगितले की बाटलीला चिंच लावू नकोस. बुडाशी कोरलेली अक्षरे घासून गेली तर ती पुन्हा अत्तराची कुपीच होऊन बसेल.

परवान्याचा विषय निघाला तेव्हा पुन्हा व्यासाकडे वळणे प्राप्त आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी ईशापूरच्या कारखान्याने जुन्या .३०३ रायफलींच्या नळ्या मोठ्या करून त्या .४१० व्यासाच्या केल्या आणि मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा ठोकून त्यांस एकेरी बनविले. ह्यात खुबी अशी की हत्यार चोरीला गेले तरी लष्करी काडतूस त्यात चालू नये आणि त्याचे काडतूस बाजारात मिळू नये. नागरिकांच्या शिकारी रायफलीसाठी .३१५ हा निराळाच व्यास पसंत करण्यात आला, तोही ह्याच हेतूने की तिला पलटणीतून पळविलेली गोळी बसू नये. स्वराज्य आले, १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, १९६२ चे नियम आले, पण त्या नियमांच्या अनुसूचीत प्रतिबंधित म्हणून जी यादी दिली ती वाचताना साहेबाचे हस्ताक्षर ओळखू येते : .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची लष्करी गोळी ज्यांत चालेल अशा रायफली, .४१० च्या मस्केट बंदुका, आणि .३८०, .४५५ किंवा लष्करी ९ मिलिमीटरचे काडतूस घेणारी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे. पहिल्या महायुद्धातील अधिकाऱ्याच्या कमरेचे वेब्ली रिव्हॉल्व्हर, जे मधून मोडताच रिकामी काडतुसे आपसूक बाहेर फेकते आणि जगभरच्या संग्राहकांचे लाडके आहे, ते ह्या .४५५ च्या एका आकड्यामुळे सामान्य परवान्याच्या कक्षेबाहेर राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ह्याच कर्नाटक राज्यात कोडगूच्या लोकांना मात्र १८६१ पासून परवान्याची माफी आहे. तेव्हाच्या राज्यकर्त्याचा त्यांच्यावर विश्वास होता, एवढेच त्याचे मूळ.

तरीही दार पूर्ण बंद नाही. जे हत्यार जुन्या नमुन्याचे, पुराणवस्तूच्या मोलाचे किंवा मोडके असून दुरुस्तीनेही बंदूक म्हणून चालू शकणार नाही, त्याला अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने वगळले आहे. परंतु ‘चालू शकणार नाही’ हे ठरविणे मालकाचे काम नव्हे. वाड्याच्या माळ्यावर एखादी रायफल सापडली तर ती दिवाणखान्यात टांगण्यापूर्वी पोलिस ठाण्यात वर्दी द्यावी, लेखी पोच घ्यावी, आणि त्याआधी पट्ट्यावरच्या सर्व अक्षरांची छायाचित्रे काढून ठेवावी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतात आणि परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

ईशापूरच्या .३०३ रायफलीचे आयुष्य तिच्या निर्मात्यांच्या कल्पनेपेक्षा फार लांबले. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मोहिमेसाठी बेळगावात जमलेल्या फौजेच्या हाती ती होती. पुढच्याच वर्षी हिमालयात चिनी सैन्याच्या स्वयंचलित हत्यारांपुढे ती थिटी पडली. त्यानंतर ईशापूरने तिलाच ७.६२ मिलिमीटरची नळी आणि चौकोनी मॅगझिन देऊन नवा अवतार घडविला. ह्या अवताराच्या पहिल्या आवृत्तीत नेमपट्टीवर २००० पर्यंतचे आकडे होते, दुसरीत ते ८०० वर आणले, आणि सरकारी कारखान्याने इतक्या प्रांजळपणे आपली पट्टी आखूड केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांना सामोऱ्या गेलेल्यांच्या हाती .३०३ होतीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलन करून निरोप दिला.

ईशापूरची ती ७.६२ ची रायफल अमेरिकेत संग्राहकांच्या बाजारात आजही उघड विकली जाते, आणि तेथले हौशी लोक तिच्या आडव्या स्क्रूवर आणि सिंहमुद्रेवर तासन्‌तास काथ्याकूट करतात. ती ज्यांनी वाहिली त्यांच्या नातवंडांना ती पाहावयाची असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमधील संग्रहालयासारख्या ठिकाणी परवानगी काढून जावे लागते. जाणार असाल तर वही आणि भिंग बरोबर न्या. काचेतूनही पट्ट्यावरचे साल वाचता येते. संगिनींचा विचार पुढील लेखांकी करू; त्यांना व्यास नसल्यामुळे त्यांची कथा पुष्कळच सुटसुटीत आहे.