गिटारवरचे कोकण : अमान्सियो डिसिल्वा

आपल्या मंडळांच्या गाण्याच्या कार्यक्रमांत गिटार असते ती कडेला. भावगीताला चार कॉर्ड द्यायच्या, दोन कडव्यांच्या मध्ये एक तुकडा वाजवायचा, की काम झाले. वाजवणारा बहुधा कॉलेजात जाणारा कुणाचा तरी मुलगा असतो. निवेदक तबल्याचे नाव आवर्जून घेतो, पेटीचे घेतो, आणि गिटारचे नेमके राहून जाते! या अंकात म्हणूनच आम्ही एका गिटारवाल्याचे नाव घेणार आहोत. नाव ऐकून "हे कुठले आपले?" असे काही वाचकांच्या मनात येईल. तरी शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

अमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म मुंबईचा, १९३६ सालचा. घराणे गोव्याचे. १९६७ मध्ये ते लंडनला गेले आणि १९९६ मध्ये तिथेच वारले. गिटारवर ते जॅझ वाजवत, पण त्या जॅझमध्ये आपल्याकडचे सूर इतके सहज यायचे की त्याला "मिश्रण" म्हणणेही जिवावर येते. आज ज्याला सगळे फ्यूजन म्हणतात, ते काम त्यांनी त्या शब्दाचा गवगवा होण्यापूर्वीच केले होते.

गोव्याचा मुलगा जॅझकडे वळला कसा, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. शिकलेली ही पोरे पोटासाठी मुंबईला येत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त मुक्काम करत आणि हॉटेलांच्या बँडमध्ये नोकरी धरत. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाद्यवृंद! आमच्या पिढीने १९५१ सालच्या ‘अलबेला’तल्या गाण्यांवर लग्नाच्या वरातीत पाय मोकळे केलेले आहेत. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचे, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांचे. पण त्या गाण्यांतली ट्रम्पेटची झळाळी होती चिक चॉकलेट यांची, म्हणजे गोव्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांची. म्हणजे हे संगीत आपल्या घरात पूर्वीच शिरले होते, फक्त वाजवणाऱ्यांची नावे कुणी विचारली नाहीत.

डिसिल्वा याच मुंबईत घडले. त्यांच्या वाटचालीत एक राजघराणेही येते. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी, म्हणजे आईकडून बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात, यांनी त्यांची कला ओळखली आणि त्यांना गिब्सन कंपनीची गिटार घेऊन दिली. या उपकाराची पोचपावती डिसिल्वांनी आपल्या पहिल्याच रेकॉर्डमध्ये दिली. त्यातल्या एका रचनेचे नाव आहे ‘महाराणी’.

लंडनमध्ये तेव्हा वारे अनुकूल होते. कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी पाच जॅझवाले आणि पाच भारतीय वाद्यांच्या बाजूचे अशा दहा जणांना एकत्र बसवून ‘इंडो-जॅझ सूट’ नावाची रेकॉर्ड काढली होती. ती १९६६ साली बाजारात आली. आता गंमत पाहा. या दहांत तबल्यावर होते केशव साठे, मुंबईहून लंडनला गेलेले. आणि बास वाजवत होते रिक लेअर्ड, जे डब्लिनला जन्मले, सोळाव्या वर्षी वडिलांबरोबर न्यूझीलंडला आले, इथेच जॅझ वाजवू लागले आणि सिडनीमार्गे लंडनला पोचले. म्हणजे एका मराठी तबलजीच्या आणि आपल्या या देशातून गेलेल्या बासवादकाच्या साथीने ही वाट तयार झाली. साठ्यांचे नाव डिसिल्वांच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे, ते लक्षात ठेवा.

लंडनच्या लॅन्सडाउन स्टुडिओचे निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी डिसिल्वांना संधी दिली आणि १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ ही त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. साथीला डॉन रेंडेल आणि इयन कार यांच्यासारखे इंग्लंडमधले नामवंत होते. त्यांच्या गाजलेल्या पाच जणांच्या संचात पियानो असे. इथे पियानो नाही, त्या जागी गिटार आहे.

जॅझ म्हणजे नुसता गोंगाट, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक जण आपल्या कल्पनेने ती फुलवतो आणि शेवटी सगळे धुनेवर परत येतात. बंदिश, उपज आणि पुन्हा मुखडा हा क्रम आपल्याला नवा नाही. फरक पायाचा आहे. जुन्या जॅझमध्ये खालच्या कॉर्ड भराभर बदलतात, आपल्याकडे षड्ज हलत नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने ही पळापळ कमी केली आणि एकाच स्वरमालिकेवर बराच वेळ थांबायची मोकळीक दिली. रागदारीला आत यायला दार उघडले ते तिथे. तरी गिटारची अडचण राहतेच. तिचे पडदे पक्के बसवलेले, सतारीसारखी लांब मींड निघत नाही. तार बाजूला ओढून, घसरत जाऊन ती जागा सुचवावी लागते.

त्याच वर्षी डिसिल्वांनी जो हॅरियट यांच्याबरोबर दुसरी रेकॉर्ड केली. नाव ‘हम दोनो’! देव आनंदचा सिनेमा आठवला ना? इथले दोघे म्हणजे एक गोव्याच्या घरातला मुंबईकर आणि एक जमैकाचा. दोघेही विलायतेत उपरे. नॉर्मा विन्स्टन ही इंग्लिश गायिका यात शब्दांवाचून गाते. विलायती श्रोत्याला ते अनोखे वाटले असेल, आलाप ऐकलेल्या कानाला वाटत नाही. यातली ‘बॅलड फॉर गोवा’ ही रचना आम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा घरातले बोलणे आपोआप थांबले. घर सोडून आलेल्या माणसाला तिचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

‘इंटिग्रेशन’ या नावावर आम्ही थोडे अडलो. आपण इमिग्रंट मंडळींनी हा शब्द सरकारी कागदांत पुष्कळ वाचला आहे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा "तुम्ही आमच्यासारखे व्हा" असा निघतो. ही रेकॉर्ड निघाली त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल १९६८ मध्ये, इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला परदेशातून आलेल्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले होते. अशा हवेत एका भारतीयाच्या रेकॉर्डवर हा शब्द आला. आत ऐकावे तर पहिल्या बाजूला ‘गँजेस’, आणि शेवटी ‘जॉइस कंट्री’. जॉइस हे त्यांच्या आयरिश पत्नीचे नाव आणि आयर्लंडमधल्या एका प्रदेशाचेही. इथे कोणी कोणासारखे झालेले नाही. गंगा गंगाच राहिली आहे आणि आयर्लंड आयर्लंडच. दोन्ही एकाच गिटारवर सुखाने नांदतात.

मात्र या गोष्टीचा पुढचा भाग कडू आहे. जॅझची बाजारपेठ आटत चालली होती, तरुण मंडळी रॉककडे गेली होती. १९७२ मध्ये ‘ड्रीम सिक्वेन्स’ निघाली ती ‘कॉस्मिक आय’ या संचाच्या नावाने. पाठोपाठ त्यांनी ‘कोंकण डान्स’ ध्वनिमुद्रित केली. त्यात रेंडेल होते, सतारीवर क्लेम आल्फर्ड होते आणि तबल्यावर पुन्हा आपले केशव साठे. गोव्याच्या घरातला गिटारवादक, मुंबईचे साठे आणि नाव कोकणाचे! आपल्या घराशी इतकी सलगी असलेली दुसरी जॅझ रेकॉर्ड आम्हाला तरी माहीत नाही. ती कपाटात पडून राहिली. तीस वर्षांहून अधिक काळ! ती बाजारात आली २००६ मध्ये, डिसिल्वा गेल्यानंतर दहा वर्षांनी. दरम्यान १९७० च्या दशकाच्या मध्यावर जॉन मॅक्लॉफलिन यांच्या ‘शक्ती’ने झाकिर हुसेन यांच्यासह जग जिंकले. ते योग्यच झाले, त्या गुणवत्तेबद्दल दुमत नाही. पण आधी वाट पाडणारे विसरले गेले, हेही तितकेच खरे.

हे सगळे तुम्हाला का सांगायचे? आपली इथली मुले शाळेत गिटार शिकतात आणि शनिवारी आपण त्यांना तबल्याच्या नाहीतर पेटीच्या क्लासला नेतो. गाडीत वाद ठरलेला. त्याला गिटार हवी, आपल्याला "आपले काहीतरी" यायला हवे. आम्हीही हा वाद पुष्कळ घातला आहे. डिसिल्वांच्या रेकॉर्ड ऐकल्यावर प्रश्नच चुकीचा वाटू लागतो. वाद्य कुठले यावर "आपले" ठरत नाही, हातात काय साठले आहे यावर ठरते. पण साठायला आधी ऐकावे लागते. डिसिल्वांच्या हातात दोन्ही होते, कारण दोन्ही त्यांनी मनापासून ऐकले होते. तेव्हा गिटार काढून घेऊ नका आणि घरातला भीमसेनही बंद करू नका!

ऐकायचे असेल तर आमचा क्रम सांगतो. आधी ‘बॅलड फॉर गोवा’, मग ‘महाराणी’, आणि कान सरावला की ‘कोंकण डान्स’. ही शेवटची रेकॉर्ड अलीकडच्या काळात पुन्हा निघाली ती आपल्या शेजारच्या मेलबर्नमधल्या एका कंपनीकडून, म्हणजे कोकण समुद्रापलीकडे, पार आपल्या अंगणापर्यंत आले म्हणा ना. संध्याकाळी चहा टाकावा, मुलांना शेजारी बसवावे, आणि तबला सुरू झाला की त्यांना सांगावे, "हे साठे बरं का. आणि गिटारवर आहेत ते अमान्सियो डिसिल्वा."