भैरवीने सुरू होणारी रेकॉर्ड

मैफल भैरवीने संपते, हे आपल्याकडे गाणे न येणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात चँडलरच्या आमच्या घरी लावलेल्या रेकॉर्डचा पहिलाच राग भैरवी निघाला, तेव्हा डोंबिवलीहून आलेली आई म्हणाली, "अरे, आल्या आल्याच निरोप देतात की काय?"

रेकॉर्ड लावली होती आमच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांनी. हा मुलगा कॉम्प्युटरवर संगीत 'बनवतो'. पंधरा दिवसांपूर्वी मी त्याला "हे संगीत नव्हे, बटणांची कसरत आहे" असे सुनावले होते. तेव्हापासून त्याने मला काही ऐकवणे बंद केले होते. ही रेकॉर्ड हे त्याचे उत्तर होते.

'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' हे तिचे नाव. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी ती १९८२ मध्ये मुंबईत केली. साथीला माणूस एकही नाही. रोलँड कंपनीची तीन यंत्रे : तालासाठी टीआर-८०८, खालच्या सुरांसाठी टीबी-३०३ आणि रागाची सुरावट हाताने वाजवायला ज्युपिटर-८ हा कीबोर्ड. त्या वेळी रेकॉर्ड फारशी खपली नाही. पुढे एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभर तिची चर्चा झाली.

चर्चेचे कारण असे. १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने 'ॲसिड ट्रॅक्स' काढली आणि 'ॲसिड हाउस' नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार रूढ झाला. त्याचा गाभा म्हणजे हीच टीबी-३०३. गिटार वाजवणाऱ्याला घरी सरावासाठी बासची साथ मिळावी म्हणून केलेले हे यंत्र त्या कामात अपयशी ठरले होते. त्यात सोळा घरांत स्वर भरून ठेवायचे. ते पुन्हा पुन्हा वाजत राहतात. दोन स्वर घसरते जोडता येतात, आणि फिल्टरचे बटण फिरवले की तोच स्वर कधी बंद ओठांनी, कधी उघड्या तोंडाने म्हटल्यासारखा होतो. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हे ऐकून काही श्रोत्यांना वाटले, ही कुणीतरी केलेली थट्टा आहे. काहींनी सिंग यांना ॲसिड हाउसचे जनक ठरवले. मला दुसरे मतही पटत नाही. शिकागोकरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असा पुरावा नाही, आणि सिंग यांना हवे होते ते डिस्कोच. मग साम्य आले कुठून? माझ्या मते रागातून. रागात षड्ज बदलत नाही. पाश्चात्त्य गाण्यासारखे कॉर्ड बदलत जायची गरज नसते. म्हणून एकच बास अखंड फिरत ठेवता येतो. तंबोऱ्याचे काम यंत्र करते.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने समजावले. आईने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "पण याला श्वास कुठे आहे?" तिचे मत कच्चे नव्हते. ललत पहाटेचा, यमन संध्याकाळचा, मालकंस रात्रीचा. इथे सगळे एकाच ठेक्यात. यंत्रातली घसर ठरावीक वेळातच संपते. मींड गाणाऱ्याच्या मर्जीने रेंगाळते. शिवाय कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग, तोडीचा कोमल गंधार तिथे मिळायचा कसा? पण याच आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे पेटीवर बंदी ठेवली होती, हेही तिनेच सांगितले. आणि पेटीशिवाय तिचे नाट्यसंगीत अपुरे!

चिरंजीव म्हणाले, "आजी, तू ख्याल शोधते आहेस. मी बास ऐकतोय." मला वाटते, सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. १९८२ च्या श्रोत्याने हिच्यात राग शोधला असेल तर तो उणा भासला असणार. डिस्को शोधला असेल तर गाणारे कुणी नाही. २०१० च्या श्रोत्याच्या कानात मधली वीस-पंचवीस वर्षांची नाचाची संगीते होती. रेकॉर्डचा एकही स्वर बदलला नव्हता. सिंग २०१५ मध्ये वारले. उतारवयात युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले, एवढे तरी त्यांना पाहायला मिळाले.

मी सिग्नल प्रोसेसिंगमध्ये डॉक्टरेट केली. फिल्टर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. तरी मुलाचे काम मी दोन मिनिटे ऐकून निकालात काढले होते. त्या रात्री त्याची चीज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मधला भाग मला अजूनही लांबलेला वाटतो. पण आता कोणत्या मिनिटापासून, ते त्याला सांगता आले. त्याने तो भाग छोटा केला नाही. का नाही, ते मात्र सांगितले.

वाचकांनी ही रेकॉर्ड जरूर ऐकावी. ललत लावा, दोन मध्यम शेजारीशेजारी त्या यंत्राबरोबर कसे वाजतात ते पाहा. आईला दहांपैकी तोच एक पुन्हा ऐकावासा वाटला. नावडली तर तसे खुशाल कळवावे, फक्त कुठे खटकली तेही लिहावे.