लहान गळ्याचा शर्ट : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

तयार फॉर्मल शर्टाच्या कॉलरीत आतून लावलेल्या पट्टीवरचा ३८, ३९, ४० किंवा ४२ हा आकडा छातीचा इंचांमधील घेर असतो, ही समजूत ग्राहकांमध्ये इतकी पक्की रुजलेली आहे की दुकानातला विक्रेताही पुष्कळदा छातीवर नजर टाकूनच शर्ट काढून देतो. वस्तुतः भारतातील अनेक नामांकित ब्रँडांच्या फॉर्मल शर्टांवर हा आकडा कॉलरीचे सेंटिमीटरमधील माप सांगतो. ३८ म्हणजे १५ इंच, ३९ म्हणजे साधारण साडेपंधरा, ४० म्हणजे पावणेसोळा आणि ४२ म्हणजे साडेसोळा इंच. मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या छातीचे इंच आणि कॉलरीचे सेंटिमीटर हे आकडे योगायोगाने एकमेकांच्या जवळ येत असल्यामुळे चुकीच्या समजुतीवर विसंबूनही बहुतेकांना बरा शर्ट मिळतो, आणि म्हणूनच ती समजूत टिकून राहिली आहे. ज्याची छाती ४० इंच पण गळा जेमतेम १४ इंच आहे, अशा पुरुषाच्या बाबतीत मात्र हा योगायोग मोडतो आणि १४ इंची गळ्याभोवती पावणेसोळा इंची कॉलर लोंबू लागते.

शर्टाचे मुख्य माप गळ्याचे का, याचे उत्तर बऱ्याच अंशी सुट्या कॉलरींच्या इतिहासात सापडते. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय या शहरात १८२७च्या सुमारास हॅना मॉन्टेग्यू या गृहिणीने पतीच्या शर्टाची मळलेली कॉलर कापून वेगळी धुतली आणि त्यातून सुट्या कॉलरीची कल्पना निघाली, असे सांगितले जाते. पुढे या शहरात कॉलरींचा मोठा उद्योग उभा राहिला आणि स्टार्च केलेली कॉलर शर्टापासून स्वतंत्र वस्तू म्हणून कित्येक दशके विकली गेली. ती शर्टाच्या गळपट्टीवर नेमकी बसणे आवश्यक असल्याने तिचे माप अर्ध्या इंचापर्यंत काटेकोर असावे लागे. शर्टाचे अंग मात्र कोटाखाली आणि पँटीत खोचलेले राहत असल्याने ते ढगळ असले तरी कोणाचे अडत नसे. आज अंग बेतशीर हवे असते, तरी मापाची ती जुनी रीत कायम आहे.

‘स्लिम फिट’ घेतला की गळाही लहान मिळतो, हा दुसरा गैरसमज. स्लिम फिट म्हणजे त्याच आकड्याचा शर्ट छाती, कंबर, मुंढा आणि बाही यांत आवळून बेतलेला असणे. ३९ क्रमांकाच्या रेग्युलर आणि स्लिम शर्टांची कॉलर सारखीच असते. कारखान्यात एका मधल्या मापाचा नमुना तयार करून त्यावरून पुढची-मागची मापे ठरावीक फरकाने वाढवली-घटवली जातात, म्हणून लहान कॉलरीबरोबर छाती, खांदे आणि पुष्कळदा बाहीसुद्धा लहान होत जाते. अमेरिकी पद्धतीच्या शर्टांवर गळा आणि बाही असे दोन आकडे असतात, त्यामुळे बारीक मानेच्या उंच माणसाची निदान बाहीपुरती सोय होते. एकाच आकड्यावर चालणाऱ्या आपल्या बाजारात तीही नाही. त्यात हे आकडे बव्हंशी परदेशी मापतक्त्यांवरून आलेले. भारतीय शरीरयष्टीचा स्वतंत्र मापतक्ता तयार करण्यासाठी निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइज’ हे सर्वेक्षण हाती घेतले, ज्यात मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वर्षे वयाच्या सुमारे २५ हजार व्यक्तींची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे योजले होते.

धुतल्यावर कॉलर आटेल, ही आशाही फारशी फळत नाही. कापड आधीच दाबून-आटवून घेण्याची सॅनफोरायझिंग ही प्रक्रिया सॅनफोर्ड क्लूएट यांनी १९३०च्या सुमारास प्रचारात आणली आणि ते ज्या कंपनीत होते ती त्याच ट्रॉय शहरातील कॉलर-उत्पादक होती, हा योग मोठा मौजेचा आहे. अशा कापडाचे आटणे अगदी थोडे असते. शिवाय कॉलरीत ताठपणासाठी चिकटवलेले अस्तर कापडाबरोबर त्याच प्रमाणात आटले नाही, तर गळा लहान न होता कॉलरीवर नुसते फुगे येतात.

टाय आवळला की सैलपणा झाकला जातो, असे मानणाऱ्यांची संख्याही थोडी नाही. प्रत्यक्षात टायखाली कॉलरीला चुण्या पडतात आणि तिची टोके वर उचलली जातात. वरचे बटण सरकवून घेण्याचा उपाय फार तर एक सेंटिमीटरपर्यंत चालतो, त्यापुढे कॉलरीची दोन टोके मध्यरेषेशी विषम दिसू लागतात. शिंप्याकडून कॉलर उसवून लहान करता येते, परंतु ती ज्या गळ्याच्या कापावर बसते तो मोठाच राहत असल्याने जास्तीचे कापड कुठेतरी जिरवावे लागते. याउलट अंगाच्या बाजू आवळणे किंवा बाही तोकडी करणे हे नित्याचे काम आहे. म्हणून टाय वापरणाऱ्याने गळा आणि खांदा जुळणारा शर्ट निवडून बाकीचे फिटिंग मागाहून करून घ्यावे. जो वरचे बटण कधी लावतच नाही, आणि महाराष्ट्रात बहुसंख्य पुरुष मुलाखत किंवा लग्नसमारंभ वगळता ते लावत नाहीत, त्याने गळ्याची चिंता सोडून खांदा पाहिला तरी पुरते.

गळा आणि खांदा एकाच आकड्यात जुळतच नसतील, तर शिवून घेणे हाच सरळ मार्ग उरतो. ५८ इंची पन्ह्याचे साधारण १.६ मीटर कापड मध्यम बांध्याच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला पुरते. माप कंठमण्याच्या किंचित खाली, टेप न आवळता घ्यावे आणि त्यात अर्धा इंच सैल धरावे. बटण लावल्यावर आत दोन बोटे सहज जावीत, पण मान वळवताना ती कॉलरीत मोकळी फिरू नये. शिंप्याला आकडा सांगताना तो नुसत्या गळ्याचा आहे की सैल धरून काढलेला, हे स्पष्ट करावे, कारण अनेक शिंपी स्वतःहूनही अर्धा इंच वाढवतात आणि मग १४ इंची गळ्यासाठी शिवलेला शर्ट पुन्हा १५ इंचांवर जाऊन बसतो.