मुलाखतीचा ताण आणि तयारीची दिशा

नोकरीच्या मुलाखतीपूर्वी छातीत धडधडणे, घशाला कोरड पडणे किंवा पाठ असलेले उत्तर ऐनवेळी न आठवणे ही उमेदवाराच्या स्वभावातील उणीव मानली जाते. परंतु या ताणाचे मूळ माणसापेक्षा प्रसंगात अधिक असते. मानसिक ताण प्रयोगशाळेत हमखास निर्माण करावयाचा असेल, तर संशोधक बहुधा मुलाखतीचाच देखावा उभा करतात. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात विकसित होऊन १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रिअर सामाजिक ताण चाचणी’त सहभागी व्यक्तीला एखाद्या पदासाठी आपण योग्य कसे आहोत, हे परीक्षकांसमोर पाच मिनिटे बोलून पटवून द्यावे लागते आणि त्यानंतर एका मोठ्या संख्येतून ठरावीक संख्या तोंडी वजा करत जावे लागते. परीक्षकांना चेहरा निर्विकार ठेवण्याचे प्रशिक्षण दिलेले असते. या चाचणीनंतर बहुतेकांच्या लाळेतील कॉर्टिसॉलचे, म्हणजे ताणाच्या वेळी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणाऱ्या संप्रेरकाचे, प्रमाण स्पष्टपणे वाढलेले आढळते.

सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढण्यामागे दोन अटी एकत्र आलेल्या दिसल्या : इतरांकडून आपले मूल्यमापन होत असल्याची जाणीव आणि परिस्थिती आपल्या हाती नसल्याची भावना. यांपैकी पहिली अट मुलाखतीतून वगळता येत नाही, कारण मूल्यमापन हाच मुलाखतीचा हेतू असतो. दुसरी मात्र तयारीने बरीच सौम्य करता येते. म्हणूनच मन शांत ठेवणे आणि तयारी करणे ही दोन वेगळी कामे नसून, नीट दिशेने केलेली तयारी हाच शांत राहण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग ठरतो.

याचे ठळक उदाहरण म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतील व्यक्तिमत्त्व चाचणीकडे पाहता येते. मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांना या चाचणीचे २७५ गुण जोडून एकूण २०२५ गुणांवर अंतिम यादी ठरते आणि चाचणीसाठी किमान उत्तीर्ण गुणांची अट नसते. नवी दिल्लीतील धौलपूर हाउसमध्ये आयोगाचा एक सदस्य आणि त्याच्यासोबतचे तज्ज्ञ यांच्यासमोर साधारण अर्धा तास चालणारी ही चाचणी ज्ञानाची फेरतपासणी मानली जात नाही, कारण ती लेखी परीक्षेत होऊन गेलेली असते. आयोगाच्या नियमांनुसार ती उलटतपासणी नसून हेतुपूर्ण, पण स्वाभाविक असे संभाषण असते, ज्यातून मानसिक सतर्कता, सुस्पष्ट आणि तर्कशुद्ध मांडणी, निर्णयातील समतोल आणि सचोटी यांचा अंदाज घेतला जातो.

मंडळासमोर उमेदवाराने स्वतः भरलेला सविस्तर अर्ज असतो, ज्याला परीक्षार्थी ‘डॅफ’ म्हणतात. जन्मस्थळ, शिक्षण, वैकल्पिक विषय, नोकरीचा अनुभव, छंद आणि सेवांचा पसंतिक्रम या नोंदींतूनच अनेक प्रश्न निघत असल्यामुळे, प्रश्नपत्रिकेचा बराचसा भाग उमेदवाराने आधीच लिहून दिलेला असतो. सांगलीच्या उमेदवाराला हळदीच्या बाजारपेठेविषयी किंवा कृष्णेच्या पुराविषयी विचारले जाणे अनपेक्षित नसते. अनपेक्षित ठरते ते केवळ रकाना भरण्यासाठी लिहिलेल्या छंदावर खोलात जाऊन विचारणा झाल्यावर. अर्जातील प्रत्येक शब्दामागे काय, का आणि कसे हे सांगता येणे हा तयारीचा गाभा होय. मुलाखत मराठीतूनही देता येते. तेव्हा माध्यमाची निवड प्रतिष्ठेपेक्षा ज्या भाषेत विचार सहज मांडता येतो, त्या भाषेच्या बाजूने होणे हिताचे ठरते.

उत्तरे ठाऊक असली, तरी ती अनोळखी व्यक्तींच्या नजरेसमोर मांडण्याचा सराव निराळा असतो आणि अभिरूप मुलाखतीचे, म्हणजे खऱ्या मुलाखतीच्या धर्तीवर घेतलेल्या रंगीत तालमीचे, मोल त्यातच असते. मात्र उत्तरे शब्दशः पाठ केल्यास प्रश्नाला किंचित वळण मिळताच धागा तुटतो, म्हणून मुद्दे पक्के आणि शब्द मोकळे ठेवणे अधिक उपयुक्त असते. प्रत्यक्ष प्रतीक्षेच्या वेळी सावकाश आणि लांब उच्छ्वास सोडल्यास हृदयाची गती मंदावण्यास मदत होते. तथापि धडधड पूर्णपणे थांबलीच पाहिजे, असा हट्ट उलट त्रासदायक ठरू शकतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘मी शांत आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहित आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे अधिक प्रभावी ठरली. कारण भीती आणि उत्साह या दोन्हींत शरीर सारखेच उत्तेजित असते आणि त्या उत्तेजनेला दिलेला अर्थ बदलणे, ती शमवण्यापेक्षा सोपे असते.

एखाद्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसल्यास तसे स्पष्ट सांगणे श्रेयस्कर असते, कारण सचोटी हा मूल्यमापनाचाच एक निकष आहे आणि अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर पुढच्या उपप्रश्नातच उघडे पडते. ज्या उमेदवाराने हे नकाराचे वाक्यही सरावात सहजपणे उच्चारलेले असते, त्याच्यासाठी अज्ञात प्रश्न हे संकट न राहता संभाषणातील एक साधा टप्पा ठरतो. मंडळ कोणते असेल आणि किती गुण देईल, हे तरीही त्याच्या हाती नसते. तेवढ्यापुरता उरणारा ताण हा तयारीतील त्रुटीचा पुरावा मानण्याचे कारण नाही.