‘फ्रॉम’ आणि मुदतीचा पहिला दिवस

एका केंद्रीय कायद्याखालील इंग्रजी नोटीस पुढे करून, ‘फ्रॉम 1 मार्च’ अशी पंधरा दिवसांची मुदत नेमकी केव्हा सरते, असे एका स्नेह्यांनी परवा विचारले.

‘फ्रॉम’ हे अव्यय उगम, अंतर, कारण, भेद असे नाना अर्थ वाहते. परंतु दफ्तरी व्यवहारात त्याचा खरा प्रताप दिवस मोजताना दिसतो, कारण 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 9 अन्वये कायद्यात ‘फ्रॉम’ योजला की आरंभीचा दिवस वगळला जातो आणि ‘टू’ योजला की अखेरचा जमेस धरला जातो.

म्हणजे गणती 2 मार्चपासून, अखेर 16 मार्चला. आणि त्या दिवशी कचेरी बंद असल्यास कलम 10 पुढच्या उघड्या दिवसाची सवलत देते, ही गोष्ट मुरलेल्या कारकुनांच्याही ध्यानात क्वचितच असते!