अशुभ दिवस आणि अरण्यातील गुप्तधन

गुप्तधनाच्या शोधाला आपल्याकडील लोकसमजुतींनी एक ठरावीक साज चढविला आहे. रात्र अमावास्येची हवी आणि सोबत पायाळू मनुष्य हवा. कारण पायांकडून जन्मलेल्याला भूमीतील द्रव्य दिसते, असा समज. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र गुप्तधनाचा एक निराळाच शोध जगभर रूढ झाला आहे. त्याला पायाळू लागत नाही आणि अमावास्याही लागत नाही. लागतात ते केवळ अक्षांश, रेखांश आणि चालण्याची हौस. या खेळास जिओकॅशिंग असे म्हणतात.

त्याचा जन्म अमेरिकेतील. उपग्रहांच्या साह्याने स्थान दाखविणारी जी.पी.एस. ही यंत्रणा मूळची तेथील सैन्याची. नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत पूर्वी हेतुपुरस्सर चूक मिसळली जाई व त्यामुळे सुमारे 100 मीटरपर्यंत फरक पडे. ही चूक काढून टाकल्याची घोषणा अध्यक्ष क्लिंटन यांनी 1 मे 2000 रोजी केली. लगेच 3 मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. आत एक नोंदवही, पेन्सिल व काही किरकोळ वस्तू होत्या. शोधणाऱ्याने एखादी वस्तू घ्यावी, एखादी ठेवावी आणि वहीत नोंद करावी, एवढाच नियम.

पुढे हौशी मंडळी एखादा विषय योजून अशा डब्यांची माळच रानवाटेवर गुंफू लागली. ‘13 तारखेचा शुक्रवार’ हा पाश्चात्त्यांचा अशुभ दिवस अशा माळेला फार सोयीचा. एक डबा झाडाला टेकलेल्या शिडीखाली, दुसरा फुटक्या आरशाच्या चित्रामागे, तिसरा काळ्या मांजराच्या आकृतीजवळ, अशी तेरा डब्यांची वाट सहज रचता येते. दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर राखण्याचा या खेळात दंडक आहे. तेव्हा तेरा डब्यांची फेरी निदान दोन किलोमीटरांची व्हावयाची. एकेका अपशकुनाला ओलांडीत मनुष्य सुखरूप परत येतो, यातच या खेळाचा विनोद आहे. न्यूयॉर्कमध्ये 1880 नंतरच्या दशकात स्थापन झालेल्या ‘थर्टीन क्लब’चे सभासद शिडीखालून जाऊन, मीठ सांडून आणि तेरा जणांची पंगत मांडून हाच विनोद करीत असत.

आता या दिवसाचे गणित पाहावे. ग्रेगोरियन पंचांगाचे चक्र 400 वर्षांनी पूर्ण होते. त्यातील 4,800 महिन्यांत 13 तारीख शुक्रवारी 688 वेळा येते. अन्य कोणत्याही वारी ती इतक्या वेळा येत नाही. म्हणजे जो योग दुर्मीळ म्हणून भयंकर वाटतो, तोच सर्वांत नित्याचा! शिवाय याविषयी राष्ट्राराष्ट्रांत एकमत नाही. स्पेन व ग्रीस या देशांत मंगळवारची 13 तारीख अशुभ, तर इटलीत शुक्रवारची 17. आपल्याकडेही तोच प्रकार. महाराष्ट्रात अमावास्येला नवे काम टाळतात, परंतु लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येलाच होते. आणि तमिळनाडूत अमावास्येला कार्यारंभ करणे शुभ मानणारे पुष्कळ आहेत.

मग काळाला काहीच महत्त्व नाही काय? महत्त्व आहेच, आणि ते या खेळातच दिसते. उपग्रहाचा संकेत पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून यंत्र आपले स्थान काढते. त्या वेळेत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतरात 300 मीटरांची चूक होते. या यंत्रणेलाही एक धोक्याचा दिवस असतो. तिची सप्ताहगणना 6 जानेवारी 1980 पासून चालते आणि मूळच्या पद्धतीत 1,024 सप्ताहांनी ती पुन्हा शून्यावर येते. 21 ऑगस्ट 1999 आणि 6 एप्रिल 2019 या दिवशी मध्यरात्री असे घडले व काही जुनी यंत्रे चुकीची तारीख दाखवू लागली. परंतु त्या भयाचे कारण ज्ञात होते, दिवस आधी मोजता येत होता आणि उपायही हाती होता. कारण असलेले भय मनुष्याला सावध करते. कारण नसलेले भय त्याला केवळ परावलंबी करते.

ते परावलंबन किती दूर नेते, याची साक्ष गुप्तधनाच्याच इतिहासात आहे. द्रव्याच्या लोभाने अमानुष कृत्ये व नरबळीपर्यंत मजल गेली, म्हणूनच महाराष्ट्रात 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अशा कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करून ती दंडनीय ठरवावी लागली. एकीकडे हे, आणि दुसरीकडे नोंदवहीत नाव लिहून डबा पुन्हा जागच्या जागी ठेवणारा वाटसरू.

त्या वाटसरूनेही निघण्यापूर्वी दिवस अवश्य पाहावा. मात्र पाहावयाचे ते एवढेच, की सूर्य किती वाजता मावळतो, आभाळ कसे आहे, ओढ्याला पाणी किती आहे आणि आपण कोठे चाललो आहो, हे घरी कोणाला ठाऊक आहे की नाही.